टस्कीगी: पाट्या वाचत फिरण्याचे गाव

वीणा गवाणकरांचे 'एक होता कार्व्हर' 1981 साली आले आणि अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातले एक लहानसे गाव मराठी घरांत ओळखीचे झाले. शाळकरी वयात ते पुस्तक वाचलेल्या कुणालाही टस्कीगी म्हटले की भुईमूग, रताळी आणि कोटाच्या काजात फूल खोवणारा एक कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ आठवतो. ते गाव आज कसे आहे आणि तिथे गेल्यावर काय दिसते, हे मात्र आपल्याकडे फारसे कुणी सांगत नाही. अटलांटाच्या परिसरात मराठी कुटुंबे बरीच आहेत. तिथून 85 क्रमांकाच्या आंतरराज्य महामार्गाने नैर्ऋत्येला निघाले की दोनेक तासांत टस्कीगी येते. राज्याची राजधानी मॉंटगोमेरी तिथून पाऊण तासावर आहे. टस्कीगीची लोकसंख्या 2020 च्या जनगणनेत नऊ हजारांच्या थोडी वर होती, आणि त्यांतले दहातले नऊहून अधिक लोक कृष्णवर्णीय आहेत. महामार्गावरच्या बहुतेक गाड्या न थांबता पुढे जातात. त्यांनी थांबावे, असे मला मनापासून वाटते.

अमेरिकेत गावोगावी रस्त्याच्या कडेला खांबावर बसवलेल्या धातूच्या पाट्या असतात. इथे अमुक लढाई झाली, इथे तमुक जन्मला, हे चर्च एवढे जुने, असा त्यांवरचा मजकूर. मोटारगाड्या वाढल्या आणि लोक हौसेने लांबचे प्रवास करू लागले, तेव्हा ही प्रथा रुजली. व्हर्जिनिया राज्याने 1927 मध्ये रिचमंड आणि फ्रेडरिक्सबर्ग यांच्यामधल्या हमरस्त्यावर अशा पाट्या लावायला सुरुवात केली. पाठोपाठ इतर राज्यांनी तोच कित्ता गिरवला. देशभरातल्या अशा पाट्यांची संख्या आज दीड लाखाच्या वर आहे.

पाटी कशी तयार होते ते पाहण्यासारखे असते. ओहायो राज्यातल्या मॅरिएटा गावातला एक कारखाना 1927 पासून हेच काम करतो. मजकुरातले एकेक उठावाचे अक्षर सपाट फळीवर ओळीने बसवतात. ती फळी ओलसर वाळूत दाबून ठसा घेतात आणि त्यात वितळलेले ॲल्युमिनियम ओततात. थंड झालेल्या पाटीच्या कडा घासतात, सगळ्या पाटीला रंग देतात आणि शेवटी उठून आलेल्या अक्षरांवर वेगळा रंग चढवतात. सगळा मजकूर शंभर-सव्वाशे शब्दांत बसवावा लागतो. त्यामुळे काय गाळायचे हे आधी ठरते, आणि ते ठरवतो पाटीचा खर्च करणारा. काही पाट्या राज्याच्या इतिहास मंडळाच्या असतात. पण बऱ्याचशा स्थानिक मंडळे, चर्च, कुटुंबे आणि संघटना स्वतःच्या पैशांनी लावतात. म्हणून पाटी वाचायला सुरुवात करावी ती तळाच्या बारीक ओळीपासून. कुणी लावली आणि कोणत्या वर्षी, हे तिथे असते. हे दोन तपशील कळले की वरचा मजकूर निराळाच दिसू लागतो.

टस्कीगीत ही सवय पहिल्याच थांब्यावर उपयोगी पडते. गावाच्या मधोमध दक्षिणेतल्या शेकडो गावांत असतो तसा चौक आहे: मधे बाग, सभोवती दुकाने, शेजारी कोर्टाची इमारत. 1861 ते 1865 च्या यादवी युद्धात दक्षिणेची राज्ये गुलामगिरी टिकवण्यासाठी लढली आणि हरली. त्या बाजूच्या सैनिकाचा पुतळा या बागेत उभारला गेला. टस्कीगी ज्या काउंटीत आहे त्या मेकन काउंटीने 1906 मध्ये चौकाची जमीन 'युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी' या महिला संघटनेच्या हवाली केली होती. उद्देश असा की तिथे गोऱ्या लोकांसाठी बाग व्हावी आणि सैनिकांचे स्मारक व्हावे. म्हणजे युद्ध संपल्यावर चार दशके लोटली होती, गावात कृष्णवर्णीयांची वस्ती मोठी होती, आणि गावचा मधला चौक त्यांच्यासाठी नव्हता. पुतळा युद्धाची आठवण सांगतो असे वाटते, पण त्याची तारीख सांगते ती विसाव्या शतकाच्या आरंभीच्या सत्तेची गोष्ट.

या पुतळ्यावरून गावात पुढे बराच झगडा झाला. डिसेंबर 1966 मध्ये चिडलेल्या विद्यार्थ्यांनी त्याला काळा रंग फासला आणि पाठीवर पिवळा पट्टा ओढला. 2017 मध्ये अलाबामा राज्याने चाळीस वर्षांहून जुनी स्मारके हलवायला मनाई करणारा कायदा केला. 2021 मध्ये नगरसेवक जॉनी फोर्ड यांनी करवत घेऊन सैनिकाचा पाय कापायला सुरुवात केली, तेव्हा पोलीस यंत्रणेने त्यांना थांबवले. हेच फोर्ड 1972 मध्ये टस्कीगीचे पहिले कृष्णवर्णीय महापौर म्हणून निवडून आले होते.

चौकापासून विद्यापीठ जवळच आहे. तिथल्या पाट्यांवर संस्थापक म्हणून बुकर टी. वॉशिंग्टन यांचे नाव ठळक असते आणि ते योग्यच आहे. पण ज्या शाळेचे पुढे हे विद्यापीठ झाले तिचा जन्म मतांच्या एका सौद्यातून झाला, हे ध्यानात घेतल्याशिवाय या गावाचा पुढचा इतिहास नीट उलगडत नाही. 1880 च्या निवडणुकीत दक्षिणेच्या सैन्यातले माजी कर्नल डब्ल्यू. एफ. फॉस्टर राज्याच्या सिनेटसाठी उभे होते. त्यांना कृष्णवर्णीयांची मते हवी होती. ते गेले लुइस ॲडम्स यांच्याकडे. ॲडम्स जन्माने गुलाम, पण लिहिता-वाचता येणारे; पत्र्याचे काम, खोगिरे, जोडे या सगळ्यांत त्यांचा हात बसलेला होता आणि समाजात त्यांच्या शब्दाला वजन होते. मतांच्या बदल्यात काय हवे, असे विचारल्यावर ॲडम्स यांनी आपल्या लोकांसाठी शाळा मागितली. फॉस्टर निवडून आले आणि त्यांनी शब्द पाळला. शिक्षकांच्या पगारासाठी वर्षाला 2,000 डॉलर मंजूर झाले. जमीन आणि इमारत यांसाठी एक पैसाही नव्हता.

व्हर्जिनियातल्या हॅम्प्टन संस्थेने या कामासाठी आपला माजी विद्यार्थी सुचवला. हाच पंचविशीतला तरुण बुकर वॉशिंग्टन. तोही जन्माने गुलाम. 4 जुलै 1881 रोजी बटलर चॅपल या चर्चजवळच्या पडक्या खोपटात तीस विद्यार्थ्यांना घेऊन वर्ग सुरू झाला. जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामीमुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केले ते 1873 मध्ये. त्या मुक्तीनंतर माणसांना काय करावे लागले, ते इथे विटांमध्ये दिसते.

आवारातल्या जुन्या इमारतींच्या विटा जवळ जाऊन पाहाव्यात. वॉशिंग्टन यांनी उसने पैसे घेऊन एक ओसाड पडलेला मळा विकत घेतला आणि विटा विद्यार्थ्यांकडूनच पाडून घ्यायचे ठरवले. कुणालाच त्यातले धड काही येत नव्हते. लागोपाठ तीन भट्ट्या फसल्या. चौथीसाठी पैसे उरले नाहीत तेव्हा वॉशिंग्टन यांनी आपले घड्याळ पंधरा डॉलरला गहाण टाकले. चौथी भट्टी साधली. पुढे विटा बाहेर विकण्याइतक्या होऊ लागल्या आणि शाळेविषयी नाक मुरडणारे गोरे शेजारीही त्या विकत घेऊ लागले. वॉशिंग्टन यांचे राहते घर 'द ओक्स' 1899 मध्ये याच विटांत उभे राहिले. आराखडा केला रॉबर्ट टेलर यांनी. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून पदवी घेणारे हे पहिले कृष्णवर्णीय, 1892 चे. शिकायला आलेल्या मुलांनी आपले वर्ग आपल्या हातांनी बांधले, ही गोष्ट या भिंती पाहताना जशी पटते तशी वाचून पटत नाही. 1974 पासून हा परिसर राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे आणि केंद्राच्या उद्यान सेवेचे रेंजर तिथे माहिती सांगतात.

जवळच 1922 चा ब्राँझचा पुतळा आहे. शिल्पकार चार्ल्स केक. उभे असलेले वॉशिंग्टन बसलेल्या एका माणसावरचे अज्ञानाचे वस्त्र दूर करत आहेत. 1933 ते 1936 या काळात इथे शिकलेल्या राल्फ एलिसन यांनी 'इन्व्हिजिबल मॅन' या कादंबरीत असाच एक पुतळा आणला. ते वस्त्र उचलले जात आहे की आणखी घट्ट पांघरले जात आहे, असा संशय त्यांच्या नायकाला येतो. वॉशिंग्टन यांनी राजकीय हक्कांचा आग्रह मागे ठेवला, आधी हुन्नर आणि कमाई असे म्हटले, याबद्दल त्यांच्यावर त्या काळीही टीका झाली. मला ती टीका रास्त वाटते. पण चोहोकडून वेढलेल्या माणसाने त्या परिस्थितीत काय उभे केले, हेही त्याच आवारात डोळ्यांसमोर असते.

कार्व्हर इथे 1896 मध्ये आले आणि 5 जानेवारी 1943 ला मृत्यू येईपर्यंत इथेच राहिले. त्यांचे संग्रहालय संस्थेच्या जुन्या धुलाईघराच्या इमारतीत आहे. 1947 च्या आगीत त्यांची बरीच चित्रे नष्ट झाली, तरीही पाहण्यासारखे खूप उरले आहे. मराठी वाचकाने आवर्जून पाहावी ती 1906 ची जेसप गाडी आणि तिची कथा. शेतकरी शाळेत येऊ शकत नाही, तर शाळाच त्याच्या बांधावर न्यायची, म्हणून अवजारे, बियाणे आणि नमुने भरलेली घोडागाडी खेड्यांतून फिरवली गेली. कार्व्हर यांच्या कामाचा गाभा मला तिथे दिसतो. शेंगदाण्यापासून शेकडो वस्तू काढणारा जादूगार ही त्यांची प्रतिमा लोकप्रिय आहे, आणि शेंगदाण्याचे लोणी त्यांनीच शोधले असेही ठोकून दिले जाते. ते खरे नाही. कापसाने पिळून काढलेल्या जमिनीत चवळी, भुईमूग, रताळी आलटून पालटून घेतली तर तिचा कस परत येतो, हे त्यांनी कर्जात बुडालेल्या कुळांना साध्या पत्रकांतून पटवले, आणि पिकलेल्या मालाचे घरात काय काय करता येईल तेही सांगितले. वॉशिंग्टन आणि कार्व्हर या दोघांच्या कबरी आवारात शेजारी शेजारी आहेत.

कापसावरच्या बोंडकिडीने पुढे तेच दुसऱ्या वाटेने शिकवले. टस्कीगीच्या दक्षिणेला काही तासांवर असलेल्या एंटरप्राइझ गावाने 1919 मध्ये भर चौकात त्या किडीचे स्मारक उभारले. तिच्यामुळे शेतकरी भुईमुगाकडे वळला म्हणून. हातांत किडा उंच धरलेली स्त्री असे ते शिल्प आहे. किडा मात्र 1949 मध्ये बसवला. वाट वाकडी करायची तयारी असेल तर जरूर पाहावे.

आता पुन्हा मतांकडे. 1901 च्या अलाबामा राज्यघटनेने कृष्णवर्णीयांचा मताधिकार जवळजवळ हिरावून घेतला. ज्या मतांवर ही शाळा उभी राहिली ती मतेच गेली. तरी शाळेमुळे आणि 1923 मध्ये माजी सैनिकांसाठी निघालेल्या मोठ्या इस्पितळामुळे टस्कीगीत प्राध्यापक, डॉक्टर, परिचारिका अशी शिकलेली माणसे वाढत गेली. नोंदणी अधिकाऱ्यांचे अडथळे पार करून त्यांतल्या चारशेच्या आसपास लोकांनी आपली नावे मतदार यादीत घालून घेतली. एवढ्यानेच राज्यकर्ते हादरले. 1957 मध्ये राज्याच्या विधिमंडळाने गावाची हद्दच बदलली. आधी चौकोनी असलेली हद्द अठ्ठावीस बाजूंची झाली. वस्त्यांच्या मधून, रस्त्यांच्या आडून वळणे घेत ती रेघ अशी ओढली की चार-पाच सोडून सगळे कृष्णवर्णीय मतदार गावाबाहेर पडले आणि गोरा मतदार एकही बाहेर गेला नाही. विद्यापीठही हद्दीबाहेर गेले.

समाजशास्त्राचे प्राध्यापक चार्ल्स गोमिलियन आणि त्यांची टस्कीगी नागरी संघटना यांनी दोन आघाड्या उघडल्या. एक बाजारात: गोऱ्यांच्या दुकानांतून खरेदी बंद. जून 1957 मध्ये बटलर चॅपलमध्ये लोकांची गर्दी उसळली आणि पुढे अनेक दुकानांना टाळे लागले. दुसरी न्यायालयात: तरुण वकील फ्रेड ग्रे यांनी दावा गुदरला. 14 नोव्हेंबर 1960 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की वंश पाहून मताधिकार काढण्यासाठी हद्द आखता येणार नाही. निकालपत्राला त्या वेड्यावाकड्या आकृतीचा नकाशाच जोडलेला आहे. मतदारसंघांच्या आखणीवरचे अमेरिकेतले पुढचे अनेक वाद या निकालाचा आधार घेतात. अठ्ठावीस बाजूंची ती रेघ आज रस्त्यावर कुठेही दिसत नाही. म्हणून टस्कीगीत फिरताना तो नकाशा जवळ ठेवावा आणि आपण आत्ता उभे आहोत ती जागा तेव्हा गावात होती की गावाबाहेर, हे ताडून पाहावे. कुठल्याही पाटीपेक्षा ते जास्त शिकवते.

बटलर चॅपल म्हणजे शाळेचा पहिला वर्ग ज्याच्या सावलीत भरला तेच चर्च. 1881 ची पाटी आणि 1957 ची पाटी एकाच चर्चची. एका दगडावर दोन तारखा असाव्यात तशी ही दोन साले एकत्र वाचली की शाळा आणि मत यांचे नाते आपोआप स्पष्ट होते.

न्यायालयात जिंकले म्हणून गाव बदलले असे झाले नाही. सप्टेंबर 1963 मध्ये तेरा कृष्णवर्णीय मुले टस्कीगीच्या गोऱ्यांच्या हायस्कूलमध्ये जाणार होती, तेव्हा गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांनी पोलीस पाठवून शाळाच बंद करवली. 3 जानेवारी 1966 रोजी सॅमी यंग या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याला पेट्रोल पंपावरच्या गोऱ्यांसाठी राखीव स्वच्छतागृहावरून झालेल्या वादात गोळी घालून मारण्यात आले. तो नौदलात नोकरी करून आला होता आणि मतदार नोंदणीचे काम करत होता. फक्त गोऱ्यांच्या पंचमंडळाने त्या डिसेंबरमध्ये मारेकऱ्याला निर्दोष सोडले. चौकातल्या पुतळ्याला रंग फासला गेला तो त्या निकालानंतर.

गावाबाहेरचे मोटन फील्ड हे टस्कीगीतले सर्वांत गजबजलेले ठिकाण, आणि मुलांना घेऊन गेलात तर तेच सर्वाधिक आवडेल. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यातले पहिले कृष्णवर्णीय लढाऊ वैमानिक इथे तयार झाले. पहिल्या तुकडीत तेरा जण आले, मार्च 1942 मध्ये पाच उत्तीर्ण झाले. पुढे ही संख्या हजाराच्या घरात गेली. मार्च 1941 मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट टस्कीगीला आल्या आणि चार्ल्स अँडरसन या कृष्णवर्णीय प्रशिक्षकाबरोबर त्यांनी विमानातून चक्कर मारली. त्या वेळच्या छायाचित्राने कृष्णवर्णीयांना विमान चालवता येत नाही हा समज पुसायला मोठी मदत केली. जुन्या हँगरमध्ये आता संग्रहालय आहे. तिथे माहिती भरपूर मिळते, म्हणून मी त्यावर अधिक लिहीत नाही.

अधिक लिहायला हवे ते नोटासल्गाबद्दल. टस्कीगीच्या उत्तरेला थोड्या अंतरावर या गावात शायलो बॅप्टिस्ट चर्च आणि त्याला लागून एक जुनी शाळा आहे. ही रोझेनवाल्ड शाळांपैकी. शिकागोचे व्यापारी ज्युलियस रोझेनवाल्ड आणि बुकर वॉशिंग्टन यांनी मिळून ही योजना आखली. काही पैसे रोझेनवाल्ड यांनी द्यायचे, काही सरकारने, आणि उरलेले गावकऱ्यांनी पैसा, लाकूड किंवा श्रम यांच्या रूपाने. 1932 पर्यंत दक्षिणेतल्या पंधरा राज्यांत अशा सुमारे पाच हजार शाळा झाल्या, आणि सुरुवातीचे नकाशे टस्कीगीतच काढले गेले. कापूस वेचून जगणाऱ्या माणसांनी पदरमोड करून बांधलेली ही शाळा.

याच चर्च-शाळेच्या परिसरातून 1932 पासून अमेरिकी सार्वजनिक आरोग्य सेवेने माणसे गोळा केली. मेकन काउंटीतले सहाशे कृष्णवर्णीय पुरुष. 399 जणांना सिफिलिस, 201 जणांना नाही. त्यांना आजाराचे खरे नाव सांगितले नाही, रक्त दूषित आहे एवढेच सांगितले. मोफत तपासणी, जेवण आणि दफनाचा खर्च देऊ केला. उपचार न केल्यास रोग शरीराचे काय करतो, ते मरेपर्यंत पाहणे हा हेतू होता. सरकारने या माणसांना रोग टोचला असा समज अनेकांचा आहे. तसे झाले नाही. रोग आधीच होता आणि उपचार दिले नाहीत. 1947 च्या सुमारास पेनिसिलिन सर्रास वापरात आले, तेही या लोकांपासून दूर ठेवले. चाळीस वर्षे हे चालले. आरोग्य सेवेतलेच कर्मचारी पीटर बक्स्टन यांनी कागद बाहेर काढले, पत्रकार जीन हेलर यांनी जुलै 1972 मध्ये बातमी फोडली आणि मग ते थांबले. या माणसांच्या वतीने दावा लढवला पुन्हा फ्रेड ग्रे यांनीच. 16 मे 1997 रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी देशाच्या वतीने माफी मागितली तेव्हा आठ जण हयात होते. संशोधनात माणसाची समजून-उमजून संमती घेण्याचे अमेरिकेतले आजचे नियम या प्रकरणानंतर कडक झाले. टस्कीगी संस्थेच्या ज्या अँड्रू इस्पितळाचा त्या काळी वापर झाला त्याच्या इमारतीत आता संशोधनाच्या नीतिशास्त्राचे केंद्र आहे. संस्थेने आपला वाटा दडवला नाही, हे मला महत्त्वाचे वाटते.

शायलोच्या दफनभूमीत त्या प्रयोगातल्या काही पुरुषांच्या कबरी आहेत. गावातल्या एल्म स्ट्रीटवरच्या टस्कीगी हिस्टरी सेंटरमध्ये त्यांची नावे कोरली आहेत. हे केंद्र उभारण्यातही फ्रेड ग्रे पुढे होते. तिथल्या मांडणीत इथले मूळचे मस्कोगी लोक, आफ्रिकेतून आणलेले आणि युरोपातून आलेले अशा तिघांचा इतिहास एकत्र आहे. गाव 1833 मध्ये वसले ते मस्कोगींची जमीन आदल्या वर्षीच्या करारात गेल्यावर, हेही तिथेच कळते. माझा आग्रह असा की चौक पाहून झाल्यावर लगेच हे केंद्र पाहावे आणि मगच विद्यापीठात जावे. दोन्हींच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात; लहान गावातली संग्रहालये आठवडाभर उघडी नसतात.

नागरी हक्क चळवळीतल्या रोझा पार्क्स यांचाही जन्म 4 फेब्रुवारी 1913 चा, याच गावातला. गायक लायनेल रिची इथलेच आणि त्यांचा 'कमोडोर्स' वाद्यवृंदही 1968 मध्ये इथल्याच विद्यार्थ्यांनी जमवला. संगीतात रस असलेल्यांना गावात त्याच्या खुणा सापडतील.

वेळ उरला तर टस्कीगीचे राष्ट्रीय अरण्य आहे, साधारण 11,000 एकर, देशातले सर्वांत लहान. अठराव्या शतकातले वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम बार्ट्रम यांच्या नावाची पायवाट त्यातून जाते. पाइनची ही दाट झाडी जुनी वाटते, पण ती तशी नाही. कापसाने निकस झालेली, पावसाने घळी पडलेली शेते केंद्र सरकारने 1930 च्या दशकात विकत घेतली आणि तिथे झाडे लावली. 1959 मध्ये त्याला राष्ट्रीय अरण्याचा दर्जा मिळाला. कार्व्हर जिचा कस परत आणायला धडपडत होते, ती याच काउंटीतली जमीन.